अख्खा बैल

चऱ्होलीत राहायला आल्यावर वर्षभर आमच्या इमारतीची सावली कुठे पडते हे मला माहीत नव्हतं. माहीत असायचं काही कारणही नव्हतं. सकाळी नीट उजाडायच्या आत चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं, यात सावलीचा संबंध येत नाही. पुढे मी कुणीतरी वापरलेला एक जुना कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बाल्कनीत उभी राहू लागले. तेव्हा लक्षात आलं. आमच्या सोसायटीच्या मागे, कंपाउंडला लागून, पत्र्याचा एक गोठा होता आणि त्याच्यापुढे मातीचं अंगण. सकाळभर त्या अंगणावर आमच्या इमारतीची सावली पडलेली असायची. दोन विंगांच्या मधे जी फट आहे, तिच्यातून सूर्य एकदाच डोकावायचा. तेवढा वेळ अंगणात उन्हाचा एक पट्टा उतरायचा, गोठ्याच्या दारापासून चिंचेच्या बुंध्यापर्यंत सरकत जायचा आणि दुसरी विंग आडवी आली की पुसला जायचा. हातातला चहा गार होईपर्यंत सगळं संपलेलं असायचं.

त्या पट्ट्यात मला एक बैल उभा हवा होता. ही गोष्ट तेवढ्याचीच आहे.

कंपनीत मी क्वालिटीला आहे. भिंगाखालून काढलेले सुट्या भागांचे फोटो माझ्या स्क्रीनवर येतात. त्यात चरा, खड्डा, उडालेला कोपरा शोधायचा आणि त्याच्याभोवती लाल चौकोन काढायचा. तो भाग पुढे कुठल्या गाडीत कुठे बसतो, पूर्ण कसा दिसतो, हे मला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. काम मला आवडतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात मराठीच, तीही बाबांची मराठवाड्याची, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की वाक्य आधी डोक्यात नीट लावून घ्यायची मला सवय आहे. ते लावून होईपर्यंत विषय बदललेला असतो. मग मी गप्प राहते, आणि लोकांना वाटतं हिला शिष्टपणा आहे.

जनावरांपुढे ही अडचण येत नाही. पहिला बरा फोटो मला इंद्रायणीत डुंबणाऱ्या म्हशींचा मिळाला. पाण्यावर फक्त शिंगं आणि नाकपुड्या, आणि एका म्हशीच्या डोक्यावर बगळा. नंतर चाकणच्या रस्त्यावर बंद पडलेल्या कंटेनरखाली दाटीवाटीनं बसलेल्या शेळ्या सापडल्या. त्यांच्या पाठींवर चाकांच्या सावल्या पडल्या होत्या. रोज बसच्या काचेतून दिसणारा हाच रस्ता मला आतापर्यंत कुरूप वाटायचा. कॅमेऱ्यातून पाहिल्यावर तो तसा राहिला नाही. मी स्वतःपुरता एक नियम केला होता, की फोटोत माणूस येऊ द्यायचा नाही. माणूस आला की तो कॅमेऱ्याकडे बघतो, कशासाठी काढताय विचारतो, आणि मग उत्तर द्यावं लागतं.

गोठ्यातला बैल मी आधी कंपाउंडच्या पत्र्यांमधल्या फटीतून काढायचे. पांढरा खिलार, वय झालेला. खुब्याची हाडं वर आलेली, डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या, पापण्या इतक्या लांब की त्यांची सावली गालावर पडायची. वशिंडाच्या पुढे, मानेवर, जू घासून घासून झालेला गुळगुळीत काळा घट्टा होता. मला तो घट्टा फार सुंदर वाटायचा. एका गुरुवारी मी फटीत लेन्स घालून उभी असताना पलीकडून बाईचा आवाज आला.

"आत ये की. चोरून काय बगती? बैल हाय, नवरदेव न्हाई."

या काकी. हातात शेणाची पाटी, पदर खोचलेला. त्यांचं घर गोठ्याला लागूनच होतं. मी फेरा घालून आत गेले, तर त्यांनी मला पाणी दिलं, मी कुठल्या मजल्यावर राहते, लग्न झालंय का, आई काय करते हे सगळं विचारून घेतलं आणि मग नवऱ्याला हाक मारली. काका गव्हाणीपाशी कडब्याची कुट्टी ओतत होते. ते फारसं बोलत नसत. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल एकदम बरं वाटलं ते त्यामुळेच.

मी त्यांना कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो दाखवले. डोळा, कान, मानेवरचा घट्टा, शिंगाचं टोक, पाठीच्या कण्यावर थबकलेली माशी. काकांनी एकेक नीट पाहिला. हात पुसून पुन्हा पाहिला. मग म्हणाले,

"हे समदे तुकडे हायत. बैल कुठंय?"

काकी हसल्या, पण काका हसत नव्हते. त्यांनी आत जाऊन एक फ्रेम आणली. गावच्या जत्रेतला फोटो होता, कधीतरी बैल शर्यतीत गाड्याला पळाला होता तेव्हाचा. फोटोभर गुलाल आणि माणसंच माणसं. एकानं दुसऱ्याला खांद्यावर घेतलेलं, कुणी फेटा उडवलेला. या सगळ्यांच्या मधून एक शिंग वर आलं होतं. ते शिंग आपल्या बैलाचं, असं काकांनी बोट ठेवून दाखवलं. आयुष्यभर सांभाळलेल्या जनावराचा त्यांच्याकडे एवढाच फोटो होता.

गोठ्याची जागा त्यांनी बिल्डरला दिली होती. काका-काकी मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते, आणि बैल काकींच्या भावाकडे, जुन्नरच्या बाजूला. तिथे अजून दावण होती, चारा होता. पोळा झाला की त्याला पाठवायचं ठरलं होतं. काकी म्हणाल्या, "लिफ्टमदी मावला असता तर नेला असता." काका त्यावरही हसले नाहीत. मला म्हणाले, "जायच्या आदी त्याचा एक अख्खा फोटो काढून दे. चारी पायांवर उभा. तो एकटा. माणसं नकोत."

माणसं नकोत, हे ऐकून मी लगेच हो म्हटलं. माझ्या आणि त्यांच्या मागणीत काही फरकच नव्हता. इकडे भाद्रपदातला पोळा असतो, म्हणजे अजून बरेच गुरुवार हातात होते. वाटलं, त्यात काय अवघड आहे.

पण बैल उभा राहत नव्हता. म्हणजे राहायचा, पण अंधारात. पहाटे वैरण टाकली की उठायचा, गव्हाणीत तोंड घालून खायचा, पाणी प्यायचा आणि ऊन अंगणात उतरायच्या आत खाली बसून रवंथ करायला लागायचा. एकदा बसला की दुपारपर्यंत उठायचं नाव नाही. मी उन्हाच्या पट्ट्यात कॅमेरा लावून बसायचे आणि तो गोठ्याच्या सावलीतून माझ्याकडे शांतपणे बघत राहायचा. एका गुरुवारी बाबा बाल्कनीतून हे पाहत होते. ते खाली कधी आले नाहीत. गावाकडची जनावरं, वैरण, शेण, सगळं मागे टाकून ते इथे कारखान्यात आले होते, आणि मुलगी सुट्टीच्या दिवशी त्याच शेणात जाऊन बसते हे त्यांना समजत नव्हतं. पण मी घरी आल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, की जनावर उठताना मागचे पाय आधी उचलतं, आणि याचा मागचा उजवा गुडघा गेलाय. म्हणून तो उठायचं टाळतो. काठी मारली तर उठेल.

काठीचं मी काकांपुढे बोललेही नाही. ते स्वतःच म्हणाले होते, त्याला मारून उठवायचा न्हाई.

मग मी दुसरे उपाय केले. गूळ नेला, तो त्यानं बसल्या बसल्या खाल्ला. हिरवा घास दूर ठेवला, तर त्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. काकांचा मुलगा चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. त्याला मी दादा म्हणायचे. रात्रपाळीवरून आला की डोळ्यांवर गॉगल लावून तो मदतीला उभा राहायचा. मोबाइलवर घुंगरांचा आवाज लावायचा. बैलानं एकदा कान हलवले, तेवढंच. दादा म्हणाला, "ताई, एआयनं उभा करून देऊ का? पाच मिनिटाचं काम हाय राव." मी नको म्हटलं. इतकं पटकन म्हटलं, की मलाच आश्चर्य वाटलं.

या बसण्यात एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. गोठा दोन बैलांचा होता, पण बैल नेहमी एकाच अंगाला बसायचा. त्याच्या डावीकडची अर्धी जागा मोकळी असायची. काकी रोज दोन्ही बाजू झाडायच्या, मोकळ्या बाजूलाही. विचारल्यावर कळलं, की हा उजव्या बाजूचा बैल. डावा दोन वर्षांपूर्वी गेला. जोडी लहानपणापासून एकत्र जुपलेली, त्यामुळे चालताना, उभं राहताना, बसताना हा डावीकडे जागा सोडतो. त्याला ती मोकळी वाटतच नाही बहुतेक. वर, पत्र्याच्या खालच्या वाशाला, दोघांचं जू सुंभानं बांधून ठेवलं होतं. त्याच्यावर धूळ बसली होती. त्याच्याबद्दल विचारलं तर काका म्हणाले, पाणी बघून येतो, आणि बाहेर गेले.

गुरुवार संपत आले. सोसायटीच्या मागच्या बाजूला मोजणीवाले येऊन चुन्याच्या रेघा मारून गेले. एक रेघ बरोबर अंगणातून जात होती. मी हट्टाला पेटले होते. कंपनीत लाल चौकोन काढतानाही माझ्या डोक्यात त्या पट्ट्याची वेळ असायची. जसजसे दिवस पुढे सरकत होते तसा सूर्य फटीत जरा उशिरा येत होता, आणि पट्टा गोठ्याच्या दाराकडे झुकत होता. माझ्या दृष्टीनं ते चांगलंच होतं. बैलाला आता चारच पावलं चालायला लागणार होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काकींनी मला बोलावून घेतलं. खांदेमळणी होती. गरम पाण्यानं बैलाचा खांदा शेकला, मग हळद आणि लोणी लावून तो चोळायला सुरुवात केली. वर्षभर ज्या खांद्यानं ओझं ओढलं त्याला त्या दिवशी आराम. याच्या खांद्यानं दोन वर्षांत काहीच ओढलं नव्हतं, पण काका तितकाच वेळ चोळत होते. मग काकींनी माझा हात धरून त्या घट्ट्यावर ठेवला. इतके दिवस ज्याचे मी फोटो काढत होते, तो हाताला कसा लागतो हे मला माहीतच नव्हतं. कोमट होता आणि आतून हलत होता. शेवटी काका बैलाच्या कानाशी वाकले आणि त्याला जेवणाचं निमंत्रण दिलं, आज आवतण घे, उद्या जेवायला ये. घरातल्या माणसाला सांगावं तसं, हळू आवाजात. उजेड कधीच गेला होता. मी कॅमेरा पिशवीतून काढलाही नाही.

दुसऱ्या दिवसासाठी मी रजा टाकली होती. काकांना मी सांगून ठेवलं होतं, की पोळ्याला बैल उठेलच, मिरवायला न्यायचाच आहे, तर ऊन येईल तेव्हा त्याला अंगणात उभा करा. मी एवढंच सांगितलं. जे सांगायचं राहिलं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं.

फोटो काढायचा म्हणून त्या लोकांनी पहाटे उठून बैलाला नटवला होता. पाठीवरून पार घोट्यांपर्यंत लोंबणारी, आरसे लावलेली मखमलीची झूल. शिंगांना सोनेरी रंग, टोकांना पितळेच्या शेंब्या, त्यांना गोंडे आणि फुगे. कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरांच्या माळा आणि झेंडूचा हार. दादानं त्याच्या एका शिंगाला स्वतःचा गॉगल अडकवला होता. बैल चारी पायांवर उभा होता, बरोबर उन्हात, आणि त्याचं काहीही दिसत नव्हतं. झुलीखाली चार खूर आणि बाशिंगाखाली नाकपुड्या, बस. शेजारचे सगळे बघायला जमले होते आणि प्रत्येकाला बैलाला खेटून उभं राहायचं होतं.

मी वाक्य डोक्यात लावत होते. इतक्या प्रेमानं घातलेली झूल काढा कसं म्हणायचं? लावून होईपर्यंत पट्टा चिंचेकडे निम्मा सरकला होता. मग मी बोलले. काकी दचकल्या. एकदा चढवलेली झूल मारुतीला फेरी मारून आल्याशिवाय उतरवायची नसते, असं त्यांनी मला समजावलं. त्या रागावल्या नव्हत्या. तोवर सावली आली. मी झुलीचे, आरशांचे, गोंड्यांचे फोटो काढले. संध्याकाळी पुरणपोळी खाताना काकांनी ते पाहिले, झूल झ्याक आलीय म्हणाले आणि कॅमेरा परत दिला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पुन्हा तुकडेच होते.

टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होता.

त्या रात्री मी ठरवून टाकलं. सकाळी कंपनीची बस गेली तेव्हा मी तिच्यात नव्हते. सुपरवायझरला तब्येत बरी नाही असा मेसेज टाकला आणि खाली उतरले. टेम्पो माझ्या आधीच आला होता. मागची फळी खाली सोडून, बांधाला टेकवून ड्रायव्हर तंबाखू मळत होता. अंगणावर पूर्ण सावली होती. आदल्या दिवसाच्या मिरवणुकीनं बैल थकला होता. झूल नव्हती, हार नव्हता, शिंगांचा सोनेरी रंग तेवढा राहिला होता. तो गोठ्यात आपल्या बाजूला बसला होता. दादा त्याला उठवायला दावं सोडत होता.

मी फटीकडे पाहिलं. सूर्य यायला अजून वेळ होता. ड्रायव्हरनं घाई केली, पुढं दुसरं भाडं आहे म्हणाला. काकांनी फोटोचा विषय सोडून दिला होता हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच दिसत होतं. डोक्यात वाक्य लावायला वेळ नव्हता.

"ऊन आल्याशिवाय बैल हलणार नाही," मी म्हटलं. आवाज मोठा आला. "तोवर तुम्ही चहा घ्या. काकी, यांना चहा द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा म्हणाला, "ताई बोलायला लागली की राव." ड्रायव्हरनं एकदा काकांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि फळीवर बसला. काकी चहा टाकायला गेल्या.

ऊन आलं. आधी पत्र्याच्या कडेवर, मग दारात. बैल बसलेलाच. मी गूळ धरला, काकांनी हाक मारली, दादानं शेपटीला हात लावला. त्यानं मागचा भाग जरासा उचलला आणि परत टेकला. काकी कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या.

"जू काढा की," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "त्याला कशाला आता."

"उटल तो. तुमी काढा तर."

काका गव्हाणीवर पाय देऊन वर चढले. सुंभाच्या गाठी घट्ट बसल्या होत्या, दातांनी सोडवाव्या लागल्या. धुळीचा एक लोट खाली आला. लाकूड वाशाला घासल्याचा आवाज झाला, आणि बैलाचे दोन्ही कान पुढे आले. काका जू घेऊन खाली उतरले, दारापर्यंत गेले, उन्हात उभे राहिले आणि उजवं टोक वर उचलून धरलं. ओरडले नाहीत, बोलावलं नाही.

बैलानं मागचे पाय उचलले. पुढच्या गुडघ्यांवर तो इतका वेळ थांबला, की मला वाटलं आता परत बसणार. मग उठला. लंगडत बाहेर आला, चारच पावलं, काकांच्या उजव्या अंगाला वळून उभा राहिला आणि आपणहून मान खाली घालून जुवाखाली गेला. जणू कालच कामावर होता.

मी अगदी समोर न राहता थोडी त्याच्या उजवीकडे सरकले. तिथून तो अख्खा दिसत होता, चारी पाय, पोट, वशिंड, शिंगं, सगळं उन्हात. पण जुवाचं दुसरं टोक खाली जमिनीकडे जात होतं, आणि त्यामुळे त्याची मान पिळवटल्यासारखी वाकडी झाली होती. काकांनी ते पाहिलं. ते वाकले आणि डावं टोक त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं. जू सरळ झालं. बैलानं मान उचलली आणि समोर पाहिलं.

काका बनियनवर होते. दाढी वाढलेली, डोक्याला काही नाही, अंगावर धूळ. माझ्या लक्षात आलं तसं त्यांच्याही आलं.

"मला घेऊ नको," ते म्हणाले. पण हलले नाहीत. हलले असते तर जू पडलं असतं.

मी बटण दाबलं. मग पुन्हा. पट्टा त्यांच्या पायांवरून सरकत चिंचेपर्यंत गेला. सावली आली तेव्हा काकांनी जू खाली उतरवलं, बैलाच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि दादाला म्हणाले, चला. बांधावरून बैल टेम्पोत चढला. आत जाऊन उजव्या फळीला टेकून उभा राहिला. डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत काकींनी कडब्याच्या पेंढ्या रचल्या. ड्रायव्हर म्हणाला, मधी बांदा, तोल जाईल. काकी म्हणाल्या, त्याचा न्हाई जात.

फोटो मी भोसरीत छापून घेतला, भिंतीवर लावता येईल एवढा. दुकानदारानं विचारलं, मॅडम, माणूस काढून टाकू का, बैल मोकळा दिसेल. मी नाही म्हटलं. तो दादाच्या फ्लॅटवर घेऊन गेले तेव्हा हॉलमध्ये अजून खोकी पडलेली होती. सगळे सोफ्यासमोर उभे राहिले. दादाला तो स्टेटसला ठेवायचा होता, फक्त बैल कापून घेऊन. काकांचंही तेच म्हणणं पडलं. एकटा पायजे म्हटला होता, मी कशाला त्यात, बनियनवर. त्यांनी फोटोवर आडवा हात धरून आपला भाग झाकून पाहिला.

मी म्हटलं, "काका, तुम्हाला काढलं तर जू वाकडं होईल."

त्यांनी हात काढला. परत ठेवला. परत काढला. काकी मागून बघत होत्या.

"र्‍हाऊ द्या की," त्या म्हणाल्या. "जोडी बरी दिसती. डावा जरा अंगानं बारीक हाय."

काका हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते. फोटो टीव्हीच्या वर लागला. जत्रेतली फ्रेम त्याच्या खाली.

घरी मी तोच फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून आधी बैलाचे पाय पाहिले, मग जू, मग बराच वेळ काकांचा खांदा. गावाकडे आमचा कोणता बैल कुठल्या बाजूला होता, ते त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. आईसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली.

गोठा आता नाही. ऊन अजूनही त्याच फटीतून येतं आणि खोदलेल्या मातीवर पडतं. मी बाल्कनीत उभी राहते, पण कॅमेरा आता बहुतेक दुसरीकडेच असतो. काल दादानं एक फोटो पाठवला. त्याच्या मामानं मोबाइलवर काढलेला, जुन्नरच्या बाजूचा. क्षितिज तिरकं, कोपऱ्यात मामाचा अंगठा आणि मधे आमचा बैल, रंग उडालेल्या सोनेरी शिंगांचा. त्याच्या डाव्या बाजूला कुणीतरी एक तांबडी कालवड बांधली आहे. दोघं एकाच दिशेला बघतायत. पण फोटो पोटापर्यंतच आहे. तो बसलाय की उभा आहे, हे त्यावरून कळत नाही.

परवा गुरुवार आहे. पहिली एसटी किती वाजता सुटते ते मी काकींना विचारून ठेवलंय. त्याही येणार आहेत, आणि कॅमेऱ्यापुढे नीट उभं राहायचं म्हणून काकांनी शर्टाला इस्त्री करायला सांगितली आहे.